ताप पोराला, परीक्षा घराची

आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या नवऱ्याने एक नियम केलाय. "ओपीडीतला एकच किस्सा. दुसरा सुरू केलास तर वाढायचं काम तुझं!" लग्न झाल्यापासून मीच वाढतेय.

काय करणार? मी मुलांची डॉक्टर. शिकले धुळ्याला, दवाखाना जळगावात. खाली ओपीडी, वर छोटा वॉर्ड. पाऊस उघडला, ऊन तापायला लागलं, डास वाढले की सगळ्या खान्देशातली पोरं जणू ठरवून एकदम आजारी पडतात. आधी बाकं भरतात, मग पायऱ्या, मग समोरच्या रसवंतीच्या खुर्च्या. आणि एका तापलेल्या पोरामागे एक आख्खं घर येतं. आई, बाप, आजी, आत्या, कधीकधी शेजारीण. पोराला नुसता ताप असतो, किस्सा त्या घराचा असतो. म्हणून तर ते साठत जातात!

लोक म्हणतात, तुम्ही डॉक्टर लोक पेशंटवर हसता. थोडं हसतो, खोटं कशाला बोलू? पण मी हे किस्से हसायला सांगत नाही हो, मिरवायला सांगते. लोक नातवंडांचे मार्क सांगत फिरतात ना, तशी मी माझ्या ओपीडीतल्या आया, आज्या आणि बापांचे पराक्रम सांगत फिरते.

सोबतीला आमची मंगला सिस्टर. रोज नशिराबादहून बसने येते. तिच्या आवाजाने निम्मी पोरं रडायची थांबतात आणि उरलेली निम्मी त्याच आवाजाने रडायला लागतात.

* * *

मे महिना होता. जळगावचा मे जळगावकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. अशा उन्हात रजया आणि ब्लँकेटचे एक मोठे व्यापारी नातवाला घेऊन आले. घराणं मूळ राजस्थानचं, पण पिढ्यान् पिढ्या जळगावात. सगळे त्यांना शेठजी म्हणतात.

नातू कसला, गाठोडंच ते! वरून ब्लँकेट, आत शाल, शालीच्या आत स्वेटर, डोक्याला माकडटोपी. मधे कुठेतरी दोन डोळे.

"हवा लागायला नको, डॉक्टरसाहेब. एकशे तीन ताप आहे!"

मी सोलायला घेतलं. ब्लँकेट निघालं, शाल निघाली, स्वेटर निघाला. मंगला सिस्टर एकेक कपडा घडी घालून बाकावर रचत गेली. प्रत्येक घडीगणिक शेठजींचा चेहरा उतरत होता. मागे त्यांची सून तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटलं रडतेय. बघते तर हसत होती! घरी हेच सांगून सांगून ती दमली असणार.

पोराला तपासलं. घसा लाल, बाकी छाती, कान, मान सगळं ठीक. अंगावर एक पातळ झबलं ठेवलं, औषध दिलं, आईला घोट घोट पाणी पाजायला सांगितलं. थोड्या वेळाने नातूसाहेबांनी माझा स्टेथोस्कोप ओढला आणि खुदकन हसले. ताप बराच उतरला होता.

शेठजी बाकावरच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "म्हणजे पोराचा ताप थोडा आणि माझ्या दुकानाचा जास्त!"

मंगला सिस्टर म्हणाली, "शेठजी, माल परत घेऊन जा."

खरी गंमत पुढे थंडीत झाली. चोपड्याकडचा, जळगावात पाहुणा आलेला एक माणूस बायको-मुलीला घेऊन घाईघाईने माझ्याकडे आला. मुलीला ताप होता आणि श्वास भराभर चालला होता. न्यूमोनिया! वेळेत आली होती, म्हणून औषधाने सावरली. मी त्याला विचारलं, "इथे कोणी पाठवलं?"

तो म्हणाला, "मॅडम, पोरीला हुडहुडी भरली म्हणून ब्लँकेट घ्यायला गेलो. शेठजींनी विचारलं, कोणासाठी? सांगितलं. तर म्हणाले, पोरगी पाणी पिते का? खेळते का? मी म्हटलं, नुसती पडून आहे. शेठजींनी ब्लँकेट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि म्हणाले, मग दुकानात काय करतोस? पहिले डॉक्टरकडे पळ! वर रिक्षापण त्यांनीच थांबवली."

आणि मग डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक हाकलणारा मारवाडी मी जिंदगीत पहिल्यांदा बघितला!"

* * *

एकदा अमळनेरहून एका बापाचा फोन आला. घरात नवाकोरा डिजिटल थर्मामीटर आणलेला.

"मॅडम, बायको म्हणते पोरगं तापलंय. पण मशीन म्हणतंय ताप नाही शे."

"किती दाखवतंय?"

"फक्त अडतीस पॉइंट नऊ! आपल्याकडे तर आज सावलीत चव्वेचाळीस शे!"

मी म्हटलं, "अहो, ते सेल्सिअसमध्ये आहे. आपल्या नेहमीच्या हिशोबात एकशे दोन ताप झाला."

मग लांबून बाईचा आवाज आला, "मी हात लावून सांगितलं तेव्हा पटलं नाही. आता मॅडमनी सांगितल्यावर पटलं का?"

पोर खेळत होतं, दूध पीत होतं, श्वास नीट होता. सगळी उत्तरं ती माउली मागून ओरडून देत होती आणि एकही उत्तर चुकलं नाही. मी औषध किती द्यायचं ते सांगितलं, कोणत्या वेळी लगेच निघायचं तेही सांगितलं. शेवटी बाप हळूच म्हणाला, "मॅडम, मग या थर्मामीटरचं काय करू?"

मी काही बोलायच्या आत पलीकडून आलं, "तुम्हालाच लावा!"

* * *

तापाचं पातळ औषध पोराच्या वयावर नाही, वजनावर ठरतं. हे मी इतक्यांदा सांगते की झोपेतही बडबडत असेन. तरी फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं: "असंल धा-बारा किलो."

रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्यालाही मी हेच विचारलं. त्याच्या धाकट्या पोराला सकाळपासून ताप होता. बाकी लक्षणं साधी होती. तोही म्हणाला, "असंल धा-बारा."

मी म्हटलं, "भाऊ, केळीचा घड असंल धा-बारा म्हणून व्यापाऱ्याला देता का?"

फोन कट! मला वाटलं, रागावला. पण थोड्या वेळात मोबाईलवर फोटो आला. केळी भरायच्या प्लॅस्टिक कॅरेटमध्ये पोर बसलंय, कॅरेट वजनकाट्यावर, आजूबाजूला हिरव्यागार घडांचा ढीग, ट्रक भरणारे मजूर हसतायत. आणि पोराने एक हात लांब करून केळं पकडलंय! खरं सांगते, तो हात बघूनच माझी निम्मी काळजी मिटली. हावरट पोर म्हणजे बरं पोर.

लगेच फोन. "मॅडम, कॅरेटचं वजन वजा केलं. झबल्याचं वजा केलं. व्यापारी आमच्या मालात घट धरतो, तशी मी पोरात नाही धरली! बरोब्बर साडेदहा."

मी औषधाचं माप सांगितलं. पोर बरं झालं. पण तो गडी तेवढ्यावर थांबला नाही. आपल्या पोराचं वजन झालं, तर मजुरांच्या पोरांचं का नको, म्हणून त्याने काटा रिकामा असला की सगळ्यांची पोरं कॅरेटमध्ये बसवायला सुरुवात केली. पोरांना तो पाळणा वाटतो! आणि आयांना आता वजनं पाठ झालीत.

त्या गावातून आता फोन आला की बाई आधी पोराचं वजन सांगते आणि मग नाव.

* * *

पारोळ्याकडच्या एक अक्का आहेत. बोलणं पक्कं अहिराणी, कमरेला पानसुपारीची चंची, आणि नातवंडांवर इतका जीव की विचारू नका. पहिल्या नातवाला, दोन महिन्यांच्या बाळाला, त्या माझ्याकडे घेऊन आल्या तेव्हा बराच उशीर झाला होता. सकाळी बाळ तापलं, तर आधी नजर काढली. मग थोडी वाट बघितली. मग शेजारणीने सांगितलं म्हणून पुन्हा नजर काढली. बाळ वाचलं, पण आठवडाभर आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला होता.

घरी जाताना मी अक्कांना समोर बसवलं. म्हटलं, "अक्का, तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं किंवा दूध प्यायचं थांबलं, की लगेच दवाखाना. घरचं औषध नाही, वाट बघणं नाही."

अक्का म्हणाल्या, "बठ्ठं मान्य शे. पन नजर?"

त्यांची सून माझ्याकडे बघायला लागली. मी विचारलं, "मीठ-मोहऱ्या कुठे असतात?"

"मन्या चंचीमा."

"मग अडचण काय? रिक्षात बसा आणि रिक्षातच काढा!"

अक्कांनी विचार केला. "रिक्षा हालस. नजर उतरी का?"

मी म्हटलं, "अक्का, उलट बरं! घरी काढलेली नजर घरातच फिरते. रिक्षात काढली की ती रस्त्यावरच राहते."

हे मात्र त्यांना एकदम पटलं. पुढच्या वर्षी नात झाली. ती महिन्याची असताना एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि अक्का बाळाला छातीशी धरून उतरल्या. बाळाचं अंग जेमतेम कोमट झालं होतं, पण सकाळपासून दूध ओढत नव्हतं. घरातले म्हणत होते, संध्याकाळपर्यंत बघू. अक्कांनी कुणाचं ऐकलं नव्हतं! बाळाला आम्ही लगेच दाखल करून घेतलं. अंगात जंतुसंसर्ग होता, पण सुरुवातच होती. या वेळी कुणाचा जीव टांगणीला लागला नाही.

मागोमाग रिक्षावाला आत आला. केसांत, कॉलरवर, शर्टाच्या खिशात, सगळीकडे मोहऱ्या!

"मॅडम, या आजीने बाळासोबत माझीपण नजर काढली!"

अक्का म्हणाल्या, "मंग? गाडी कोन चालाडत होता?"

* * *

सुनंदा एसटीत कंडक्टर आहे, धुळे-जळगाव रूटवर. तिच्या मुलाला लहानपणी तापात आकडी आली होती. तेव्हा तिने काय काय सोसलं, ते तिने मला सांगितलं होतं. पोराचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, आणि शेजाऱ्यांनी दातांत चमचा घालून त्याचा ओठ फाडला. मी तेव्हा तिला सगळं समजावलं होतं. तापातली आकडी दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा आपोआप थांबते. पोराला कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घट्ट दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं आणि दवाखाना गाठायचा.

तिचा मुलगा आता मोठा झालाय, क्रिकेट खेळतो. पण सुनंदा विसरली नव्हती.

एरंडोल सोडल्यावर भरलेल्या बसमध्ये एका बाईच्या मांडीवरचं पोर ताठ झालं. बाईने किंकाळी फोडली, "माझं बाळ गेलं!" सगळी बस उठून उभी राहिली. एकाने पिशवीतला कांदा काढून दाताने फोडला. एकाने पायातली चप्पल काढली. एका काकांनी डब्यातला चमचा काढला.

सुनंदाने बेलची दोरी ओढली. गाडी बाजूला लागली.

"मागे सरका सगळे! खिडक्या उघडा!"

तिने पोराला सीटवर कुशीवर ठेवलं, गळ्याचं बटण सोडलं, तोंडाचा फेस रुमालाने पुसला. मनगटावरचं घड्याळ बघत राहिली. चमचा पुढे आला तशी म्हणाली, "काका, चमचा डब्यात ठेवा. याच्या तोंडात काही घालायचं असेल तर आधी मला बसमधून उतरवावं लागेल!" चप्पलवाल्याला म्हणाली, "चप्पल पायात घाला, दादा. पोराला हवा येऊ द्या."

आणि पोराच्या आईचा हात तिने घट्ट धरून ठेवला. "ताई, थांबेल. माझ्या पोराची थांबली होती. इकडे बघा, माझ्याकडे बघा. थांबेल."

थांबली. पोर सैल पडलं, मग कुरकुरलं, मग रडलं. सुनंदा म्हणते, "मॅडम, तेवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही."

तिने ड्रायव्हरला सांगितलं, आता मधे स्टॉप नाही! पाळधीला उतरणारे होते, त्यांनी तक्रार केली नाही. "आम्ही मागून येऊ वापस," म्हणाले. गाडी थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. युनिफॉर्ममधली सुनंदा त्या आईला खांद्याला धरून आत घेऊन आली आणि एका दमात म्हणाली, "पहिलीच आकडी, पाच मिनिटांच्या आत थांबली, तोंडात काही घातलं नाही, थांबल्यावर रडला, आईला ओळखतोय." एवढं व्यवस्थित तर माझे ज्युनियरही सांगत नाहीत!

तपासलं. ताप कानाच्या दुखण्याचा होता, मेंदूकडचं काही नव्हतं. एक दिवस लक्ष ठेवायला ठेवून घेतलं. आईला हे सांगितल्यावर ती रडली, आणि मग सुनंदाही तिच्याशेजारी बसून रडली. दोघी एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या होत्या.

बाहेर आख्खी बस अजून थांबलेली! प्रवासी हलायलाच तयार नाहीत. शेवटी मंगला सिस्टरने दारात जाऊन आवाज लावला, "पोरगं बरं आहे! जा आता आपापल्या गावाला!" गल्लीत टाळ्या पडल्या.

सुनंदा बसच्या पायरीवर चढत होती तेवढ्यात कांदेवाला हळूच म्हणाला, "बाई, चप्पल नाही चालत, समजलं. पण कांदा तरी चालतो का?"

"चालतो ना!" सुनंदा म्हणाली. "भाकरीबरोबर!" आणि डबल बेल दिली.

* * *

एक बाप माझ्यावर फार नाराज झाला होता. "इतक्या लांबून आलो. सुई नाही, सलाईन नाही. नुसतं तापाचं औषध आणि पाणी पाजा?"

मी समजावत होते की साधा व्हायरल ताप आहे, पोर तोंडाने पितंय, सुईची गरज नाही. त्याला काही पटेना. तेव्हा मंगला सिस्टर त्याला बाजूला घेऊन गेली आणि गंभीर आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमच्यावर मोठी जबाबदारी आहे. पोराला नीट लघवी होते का, हे तुम्ही बघायचं. होत नसली तर लगेच यायचं. हे काम बायकोवर टाकायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "मॅडम, झाली!" दुपारी, ओपीडी भरलेली असताना पुन्हा. "झाली! भरपूर झाली!" प्रत्येक वेळी आवाज असा, जणू पोरगं दहावीला बोर्डात आलं!

संध्याकाळी शेवटचा फोन. "मॅडम, ताप नाही, जेवला, अंगणात पळतोय. आता बघायचं बंद करू का? पोरगं लाजायला लागलंय."

* * *

डेंग्यूच्या दिवसांत मी प्रत्येक घराला एक गोष्ट बजावून सांगते. ताप उतरला की निश्चिंत होऊ नका, उलट त्या एक-दोन दिवसांत जास्त लक्ष ठेवा. पोट दुखलं, उलट्या लागल्या, हातपाय गार पडले, पोर मलूल झालं, तर लगेच निघा. लोक माना डोलावतात. पण ताप उतरल्यावर घाबरायचं, हे कुणाच्या मनाला पटतच नाही.

पाचोऱ्याच्या एका आठ वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला. घरात तिला चिऊ म्हणतात. पाचोऱ्यातच रोज रक्त तपासत होते, सल्ला माझा. एका सकाळी ताप गेला. आईने देवापुढे साखर ठेवली. वडील कामावर निघून गेले. चिऊचे आजोबा, नाना, मात्र तिच्या खाटेजवळून उठेनात. गप्पिष्ट पोरगी, पण सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. पोटावर हात दाबून पडली होती. नानांनी तिच्या पायांचे तळवे हातात घेतले. गार!

"गाडी बोलवा. जळगावला जायचं शे."

सगळे म्हणाले, "नाना, ताप उतरला ना! आता कशाला?"

नानांचं गाव गिरणेच्या काठचं. म्हणाले, "चढत्या पुरात कोणी पाय घालत नाही रे. माणूस वाहून जातो तो उतरत्या पुरात!"

शेजाऱ्याच्या गाडीत घालून आणली. नाडी बारीक, बीपी खाली. अजून थोडा वेळ घरी राहिली असती तर काय झालं असतं, ते मी घरच्यांना सांगितलं नाही. पण नानांना न सांगता कळलं होतं. सलाईन सुरू झालं. दोन दिवस आम्ही तिच्याजवळून हललो नाही. नाना वॉर्डाबाहेर पायरीवर बसलेले. चहा आणला तर हातातच गार व्हायचा.

तिसऱ्या दिवशी चिऊने डोळे उघडून पहिलं वाक्य टाकलं, "मला इडली पाहिजे." मी बाहेर येऊन सांगितलं. तिच्या वडिलांना रडू आवरेना. ते सरळ वाकले आणि नानांचे पाय धरले.

नाना पाय मागे घेत म्हणाले, "मना पाय नको धरू. आत जाय, तिना पाय धर. ऊन व्हयनात का ते दख."

वडील आत गेले. पाय ऊन झाले होते.

* * *

रेखा जळगावातच राहते, घरी ब्लाउज शिवते. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. नवऱ्यालाही नाही. मुलगी मात्र जन्मतः खणखणीत! वर्षाची झाली तेव्हापासून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, आणि तिच्या आईबापांनाच ते ऐकू येत नाही.

रेखा लसीकरणाला यायची तेव्हा आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो. एकदा मुलीला सर्दी-ताप असताना मी तिला दाखवलं होतं. ताप आणि खोकला असला की पोराचं झबलं वर करायचं आणि उघड्या छातीकडे बघायचं. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, तर थांबायचं नाही. खड्डा कसा असतो, ते मी तळवा आत ओढून दाखवलं. तिने माझा तळवा आपल्या हातात घेऊन नीट बघितला होता.

एका दुपारी ओपीडी चालू असताना मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. उचलला, तर समोर चेहराच नाही. नुसती एका लहान पोराची उघडी छाती.

"हॅलो? कोण बोलतंय?"

उत्तर नाही. मी फोन ठेवणारच होते. तेवढ्यात मला दिसलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. फोन छातीवरून जराही हटत नव्हता. आणि झबलं वर धरणाऱ्या त्या हाताच्या मनगटाला शिलाईची मापाची टेप गुंडाळलेली होती.

"रेखा! लगेच घेऊन ये! लगेच!" मी जोरात ओरडले. समोरचा पेशंट दचकला. मग माझ्या लक्षात आलं, ओरडून काय उपयोग! मी कॅमेऱ्यासमोर हात हलवायला लागले. ये, ये, ये!

फोन थोडा मागे गेला. पोराच्या मागे रिक्षाची सीट दिसली, बाहेर पळणारी दुकानं दिसली. ती मला विचारत नव्हती. ती निघालेली होती! मी तयार राहावं, एवढंच कळवत होती.

ऑक्सिजन लावून ठेवला. रिक्षा दारात आली तसं पोर तिच्या हातातून घेऊन वर पळालो. न्यूमोनिया होता, चांगलाच. पहिले दोन दिवस अवघड गेले. मुलीचं कण्हणं रेखाला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने आपला तळवा मुलीच्या छातीवरून उचललाच नाही. जेवायचीसुद्धा डाव्या हाताने. हळूहळू श्वास सुधारला, ऑक्सिजन निघाला, आणि एका सकाळी ती मुलगी अशी ओरडली की खालच्या मजल्यावरची ओपीडी वर बघायला लागली.

घरी सोडायच्या दिवशी मी औषधं समजावून सांगायला वॉर्डात गेले. एरवी त्या वॉर्डात कोण काय बोलतंय ते कळत नाही. त्या दिवशी आवाजच नव्हता. सगळ्या खाटांवरच्या आया एकीकडेच बघत होत्या.

मधल्या खाटेवर रेखा बसली होती. तिने मुलीचा फ्रॉक वर केला. बरगड्यांच्या खाली बोट ठेवलं. दुसऱ्या हाताचा तळवा आत ओढून खड्डा केला, पुन्हा केला, पुन्हा केला. मग तोच हात झटक्यात दाराकडे केला. पळ! आणि तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे बोट दाखवलं.

त्या बाईने आपल्या पोराचं झबलं वर केलं आणि खाली वाकून बघितलं. मग तिच्या पलीकडचीने. मग कोपऱ्यातल्या आजीने, चष्मा पुसून.